तात्या कप्तानाचे चारशे अकरा शब्द

प्रिय सुकन्या,

दिनांक १९ जानेवारी २०२५, रविवार, सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं. बीडच्या एका दवाखान्याच्या मागच्या ओट्यावर मी ज्वारीची पेज फडक्यातून गाळत होतो, तेव्हा तुझा निरोप आला. ‘दादा, अप्पा मला सुकन्या कवापासून म्हणाया लागला? काय लपवतोस तू?’ वाचता वाचता निम्मी पेज सांडली. मग तुझे सात फोन आले आणि मी एकही उचलला नाही. ज्यानं मोबाइलवरून तुला दोन महिने खोटं ऐकवलं, त्यानं पुन्हा त्याच मोबाइलवर काय बोलावं? म्हणून कागद घेतला. लिहिलेलं दोनदा वाचता येतं, चुकलेलं खोडता येतं.

दवाखाना हा शब्द तू आता वाचलास. मला तो हळू सांगायचा होता, पण जमलं नाही. आधी सगळं ओळीनं सांगू दे.

नेकनूरचे चित्रकलेचे सोमेश्वर सर आपल्या मळ्याकडं पहिल्यांदा आले तो दिवस तुला आठवत असेल. बीडच्या केबलवर त्यांना बाहुल्यांची मालिका लावायची होती. शनीच्या चंद्रावर माणसांची वस्ती, तिथला म्हातारा तात्या कप्तान, त्याची चार मुलं आणि त्यांची चार यानं. यानाच्या घरघरीसाठी त्यांना मेंढरांचा आवाज हवा होता. ते मोबाइल धरून मेंढरांच्या वाड्याजवळ उभे राहिले आणि नेमकं तेव्हाच अप्पानं ओढ्यापलीकडच्या कळपाला हाळी दिली. सर म्हणाले, मेंढरं राहू द्या, हा माणूस द्या. अप्पा म्हणाला, “मला न्हेऊन काय करता? मी काय लोकर देतो व्हय?”

तात्या कप्तानाला पाय नव्हते हे किती जणांना माहीत असेल? कापड संपलं होतं आणि सर म्हणाले टेबलामागं कोण बघतंय. म्हणून सव्वीस भाग तो बिचारा खुर्चीतच बसला. मुलं उल्कांत अडकायची, कुणाची हवा संपायची, आणि हा समोरच्या चार यानांच्या दिव्यांकडं बघत मुलं पोहोचली का एवढंच विचारायचा. उठून जाता येत नव्हतं त्याला. लोकांनी मात्र सरांना पत्रं पाठवली की तात्याचे पाय कोणत्या ग्रहावर गेले ते सांगा. अप्पा पोट धरून हसला होता.

अप्पाला वाचता येत नाही, म्हणून मी वाक्य वाचायचो आणि तो मागून म्हणायचा. सरांच्या गोदामात आवाज घुमू नये म्हणून चारी बाजूंनी वाकळा टांगलेल्या, मे महिना, दोघंही घामानं भिजलेलो. मी वाचलं, ‘तू सुरक्षित पोहोचलास काय?’ अप्पा म्हणाला, “पोचलं का रं लेकरा? कावून बोलंना?” मी पुन्हा शुद्ध वाचलं. तो पुन्हा तेच म्हणाला. वर मलाच म्हणाला, “बे, पोरगं तिकडं मराया लागलं आन् बाप असं पुस्तकावानी बोलंल का?” सरांनी तेच ठेवलं. भाग संपताना दिवा मालवण्याआधी एक, दोन, तीन, चार असं मोजणंही कागदावर नव्हतं. वाड्यात मेंढरं मोजायची सवय ती. पुढं चौसाळ्याच्या बाजारात लोक त्याला तात्या कप्तान म्हणूनच हाक मारायला लागले.

दिवाळीत त्याचा आवाज बसला. तू तेव्हा सुट्टीला आलीस आणि मीठ-पाण्याच्या गुळण्या सांगून गेलीस. आम्हीही घसाच समजलो. मग घास अडकायला लागला. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तपासणी झाली. गाठ आहे. तू नर्सिंगची, तुला यापुढचं माझ्यापेक्षा जास्त कळतं आणि नेमकी त्याचीच अप्पाला भीती होती. त्यानं माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून शपथ घातली. “तिची परीक्षा होस्तोवर तोंड उघडायचं न्हाई. पोरगी निम्म्यातून माघारी आली तर मी दवाखान्यातून पळून जाईन.” आईला ठाऊक आहे. ती मेंढरांमागं माजलगावकडं आहे, रोज संध्याकाळी कुणाच्या तरी फोनवरून दोन शब्द विचारते आणि ठेवून देते.

पण तुला दर रविवारी अप्पाचा आवाज लागतो, आणि तो घोगरा आवाज ऐकून तू लगेच ओळखलं असतंस. पहिल्या रविवारी मी म्हणालो, मेंढरांमागं गेलाय, रेंज नाही. दुसऱ्या रविवारी तू रडलीस. त्या दुपारी मी सरांकडून सगळं रेकॉर्डिंग आणलं आणि वहीत एकेक शब्द उतरवला. कोणता शब्द, कोणता भाग, किती मिनिटांवर. अप्पा सव्वीस भागांत चारशे अकरा वेगवेगळे शब्द बोललाय. नववीत शाळा सुटल्यापासून इतकं नेटकं काम मी केलं नव्हतं. त्यांतून तुकडे काढून मी निरोप जोडले. ‘मी बरा हाय.’ ‘जेवून घे.’ ‘पोचलं का लेकरा?’ या शेवटच्यातला ‘रं’ कापायला मला दोन तास लागले, कारण तुला तो कधी ‘रं’ म्हणणार नाही. एवढी काळजी घेतली बघ मी.

आणि तरी नावापाशी चुकलो. तुझी हाक त्या सव्वीस भागांत नाही. तात्याला चार मुलगेच, लेक नाही. तू झालीस त्या दिवशी वाड्यात पांढरं कोकरू झालं म्हणून अप्पा तुला ढवळे म्हणतो, ते मी कुठून आणू? प्रयत्न केला. ढगातला ‘ढ’ घेतला, ‘यान वळव’ मधला ‘वळ’ घेतला. ऐकल्यावर कुणी तरी खोकतंय असं वाटलं. मग काल मी सोपी वाट धरली. ‘सुटका’ मधला ‘सु’ आणि नवव्या भागातली कन्या रास. सुकन्या. स्पष्ट, शुद्ध, अगदी हजेरीपटातल्यासारखं. मला वाटलं तू खूश होशील.

आज सकाळी शेजारच्या खाटेजवळच्या ताराबाई मोबाइलवर तात्या कप्तानच बघत होत्या. त्यांचे मालक भाजून आलेत, ते झोपेनात म्हणून आवाज मोठा केलेला. मला म्हणाल्या, “काय आवाज हाय ओ या म्हाताऱ्याचा! आसा बाप पायजे.” अप्पा दोन हात अंतरावर आपल्या खाटेवर पडून ऐकत होता. त्यानं माझ्याकडं बघून ओठांवर बोट ठेवलं. भाग संपला, तात्या मोजायला लागला तेव्हा अप्पाची बोटं चादरीवर हलत होती. दोनच बोटं. एक, दोन. तू आणि मी.

बुधवारी, २२ तारखेला सकाळी आठला ऑपरेशन आहे. स्वरयंत्र पूर्ण काढणार. जीव वाचेल असं डॉक्टर म्हणतात, आवाज नाही. तोही त्याआधीच कधीही बंद पडेल, म्हणून कमी बोला असं शुक्रवारी सांगितलं. तेव्हापासून अप्पा एक अक्षर बोललेला नाही. मला वाटलं घाबरलाय. तुझा निरोप वाचल्यावर मी मोबाइल त्याच्या तोंडाशी धरला आणि म्हणालो, अप्पा, एकदाच ढवळे म्हण, मी जपून ठेवतो. त्यानं मोबाइल बाजूला सारला. दाराकडं बोट केलं, मग स्वतःच्या गळ्याकडं. तेव्हा मला कळलं, सुकन्या. तो बोलणं साठवतोय. तो शब्द त्याला मशिनीत टाकायचा नाही, तुझ्यासमोर म्हणायचाय. शपथ मी मोडतोय, त्याला सांगितलंय. त्यानं मान हलवली नाही आणि नकारही दिला नाही.

तुझा पेपर मंगळवारी एकला सुटतो, पुढचा गुरुवारी आहे. संभाजीनगरहून दोनची एसटी धरलीस तर सहा-साडेसहापर्यंत बीड. बुधवारी दुपारी परत. तुला अर्धं तिकीट, टेम्पोवाल्या हरिओमजवळ तीनशे दिलेत. हे पत्र तोच भाजीच्या टेम्पोतून आणतोय, उद्या सकाळी वसतिगृहाच्या दारात देईल. “फोन कर की बे, पत्र कोण लिहितंय आता?” म्हणून त्यानं मला हसून घेतलं. मंगळवारपर्यंत त्या घशात तो शब्द टिकेल की नाही, मला सांगता येत नाही. मी इथं खुर्चीत बसून आहे. तू पोहोचलीस की नाही एवढंच विचारू शकतो.

तुझाच दादा,
लखन

ता. क. वहीतला हिशेब तुझ्यासाठी उतरवतो.
अप्पाचे जमा शब्द : ४११
तुला पाठवलेल्या आठ निरोपांत खर्च : ८६
मी बनवलेला खोटा शब्द : १
अप्पाकडून तुला येणे बाकी : १