मृणालची गाढ झोप

मल्लेश्वरम, मंगळवार, सायंकाळ

दोन महिने रोज सकाळी मी मृणालला तीन प्रश्न विचारतो आणि उत्तरे वहीत नोंदवतो. झोप? गाढ. भूक? उत्तम. मन? प्रसन्न. लेकीचा वात शमतो आहे, भ्रामरी प्राणायाम आणि तळपायांचे तेलमर्दन लागू पडते आहे, असे आज योगवर्गात किती उत्साहाने समजावले मी! घरी आलो, तर ती स्वयंपाकघरात जमिनीवर बसून रडत होती.

"बाबा, दोन महिने मी धड झोपलेच नाहीये."

"अगं, मग रोज गाढ कसं म्हणालीस?"

"तुम्ही योगवर्गात वाटता त्या पुस्तिकेतली उत्तरं आहेत ती. खरं सांगितलं की तुम्ही स्वल्पही थांबत नाही, समजावायला लागता."

गाढ. साठ वेळा लिहिला हा शब्द, सुवाच्य अक्षरात. तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळे एकदाही दिसली नाहीत? वैद्याला नाही, निदान बापाला?

"मग आता खरं सांग," म्हणालो. जगावेसेच वाटत नाही, म्हणाली.

मी काहीही समजावले नाही. मानसोपचारतज्ज्ञांना तिच्यासमोरच फोन केला. त्यांनी उद्या सकाळी सर्वांत आधी आम्हालाच बोलावले आहे. तोवर तिला क्षणभरही एकटे सोडू नका, असे बजावले. तिच्याच खोलीत बसून लिहितो आहे. सकाळ फार लांब आहे.