धुतलेला शर्ट

प्रिय आयान,

सलाम आणि खूप दुआ. परवा तुरुंगातल्या मुलाखतीला काचेपलीकडे तू नुसता हाडांचा सापळा झालेला दिसलास. फोन खरखरत होता म्हणून बोलायचं राहिलं, असं अब्बांना सांगितलं. खरं तर मला धीर झाला नाही.

अब्बांनी दुकान पुन्हा उघडलंय. पिरंगुटची माणसं तेल-साखर नेतात, पण तुझं नाव काढत नाहीत. शेजारच्या चंद्राबाई तेवढ्या दारातून ओरडतात, "सुलताना, लेकरू कवा सुटतंय गं? नळ लई गळतुया, पर दुसऱ्याला हात लावू द्यायची न्हाई मी." त्यांच्यासमोर हसले, आत जाऊन रडले.

पोलीस आले तेव्हा मी त्यांना चहा दिला. आपल्या दारातून कुणी कोरडं जात नाही ना. "मावशी, साक्षीपुरतं नेतोय, तासाभरात सोडतो," म्हणाले, आणि मीच तुला पुढं केलं. कासार आंबोलीच्या बंगल्यावर तू नळाच्या कामाला गेलास, राखणदार गेणबा डोकं फुटून पडलेला दिसला, तू त्याला उचलून रिक्षात घातलंस. यात लपवायचं काय? सगळं सांग, गप्प बसतो त्याच्याच मनात चोर असतो, असं मी म्हटलं. गेणबा शुद्धीवर न येताच आठव्या दिवशी गेला आणि तुझ्यावर खुनाचं कलम लागलं.

सायली वकीलबाई सरकारकडून फुकट मिळाल्या. माझ्यासारख्या मॅट्रिक बाईला कळेल असं सांगतात. का पकडलं ते पोलिसांनी सांगायलाच हवं, चोवीस तासांत न्यायाधीशांपुढे उभं करायला हवं, पहिल्यापासून वकील मागता येतो. "आणि काकू, स्वतःच्या विरुद्ध बोलायला कुणी भाग पाडू शकत नाही. गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे." हे मला चहाचं आधण ठेवण्याआधी कळलं असतं तर!

पोलिसांपुढं बोललेलं कोर्टात कबुली म्हणून चालत नाही म्हणे. पण त्या दिवशी तुझ्या अंगात होता तो निळा शर्ट चालतो. सगळा धुतलेला, फक्त बाहीच्या शिवणीत रक्त राहिलेलं. निर्दोष माणूस शर्ट कशाला धुईल, असं सरकारी वकिलांनी विचारलं आणि न्यायाधीशांनी जामीन फेटाळला. तू तर पहिल्याच दिवशी न्यायाधीशांपुढे म्हणालास, मीच धुतला.

पोरा, जन्मात कधी रुमाल तरी धुतलास का? त्या संध्याकाळी तू आंघोळीला गेलास आणि मी तो मिठाच्या पाण्यात भिजवला. ईदचा शर्ट, दोनदाच घातलेला. रक्त वाळलं की निघत नाही, एवढंच माझ्या मनात. शर्ट कुणी धुतला असं पोलिसांनी चहा घेताना विचारलं, तेव्हा तू माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालास, मी. मी ओट्याशी उभी होते. चार महिने रोज पाच वेळा नमाज पढतेय, आणि एक शब्द बोलले नाही.

काल वकीलबाईंना सांगितलं. म्हणाल्या, "पुरावा नाहीसा केला म्हणून तुमच्यावरही गुन्हा नोंदवतील. गप्प राहायचा हक्क तुम्हालाही आहे, काकू." अब्बा म्हणाले, "दोघंबी आत गेलात तर मी हितं कुणासाठी दुकान उघडू?" पण शर्ट मी धुतला, असं सोमवारी मी कोर्टात लिहून देणार आहे. हे पत्र तुरुंगाचे साहेब आधी वाचतील; वाचू देत. अम्मी मला वाचवायला खोटं बोलतेय, असं तू उठून म्हणशील, ओळखते तुला. म्हणून लिहितेय. त्या दिवशी मी तुला बोलायला लावलं. सोमवारी माझ्यासाठी तोंड उघडू नकोस.

तुझीच,
अम्मी