घराचा चार्ज

७ नोव्हेंबर १९९४

श्रीगोंद्याजवळच्या साखर कारखान्यात आज शिफ्ट केमिस्ट म्हणून रुजू झालो. पुण्याच्या कंपनीनं उमेदीची सगळी वर्षं घेतली आणि निरोपाला भिंतीवरचं घड्याळ दिलं. म्हणजे वेळ कुठं गेला ते बघत बसायची सोय. आता मात्र गणित सोपं केलंय. नोकरी हंगामी. ऊस आहे तोवर कारखाना, मग उरलेलं वर्ष अकोले गावात, घरी. निम्मा मी त्यांचा, निम्मा घरचा. पन्नाशीच्या आत जोत्यावर दोन खोल्या चढवायच्या, लेकीला, भारतीला, सायकल शिकवायची आणि बायको, माधुरी, बोलत असताना पेपर खाली ठेवायचा. शेवटचं सगळ्यात अवघड.

क्वार्टर बरी आहे. खिडकीतून उसाच्या बैलगाड्या दिसतात. मळीचा वास चार-दोन दिवसांत नाकाला कळेनासा होतो म्हणे. म्हणजे माझ्याआधी नाकच नोकरीत कायम होणार.

१६ नोव्हेंबर

इथं एक रीत कडक पाळतात. बदलीचा माणूस आल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही. तो आला की तोंडी चार्ज द्यायचा: साखर शिजवायचा कुठला पॅन उकळतोय, कुठल्या रसाची तपासणी राहिलीय. त्यानं ‘घेतला’ म्हटलं की आपण सुटलो.

माझ्यानंतर राधाकृष्ण येतो. माझ्याच वयाचा, माझ्याच अंगकाठीचा. त्याला घरदार असल्याचं कुणी ऐकलेलं नाही. सुट्टी घेतल्याचं तर नाहीच. नमुने आणून देणारा गोरक्षनाथ म्हणतो, लई सरळ मानूस हाय साहेब, एकदा घेतलं म्हनला की खाली ठिवत न्हाई. तुमच्यावानी न्हाई, तुमी नुसती बाटली उचलली तरी उसासा टाकता.

तोंडाळ आहे. पण खोटं बोलत नाही.

२ डिसेंबर

सुट्टी रद्द. दुसरा केमिस्ट तापानं आडवा झालाय. भारतीला या रविवारी सायकल शिकवायचं कबूल केलं होतं. चीफ केमिस्ट सूर्यभान साहेबांकडे गेलो, तर म्हणाले, घर काय पळून चाललंय का? या माणसाची स्वतःची बायको माहेरी असते, कायमची.

चार वाजता राधाकृष्ण आला. पॅनचा चार्ज दिला आणि चिडून वर म्हटलं, आता अकोल्याचाही घेऊन टाका. पोरीला सायकल येत नाही, जोतं उघडं पडलंय, आणि मी ऐकत नाही अशी बायकोची तक्रार आहे, ती खरी आहे. विनोद करत होतो मी. तो मात्र मान खाली घालून पॅनसारखंच सगळं ऐकत राहिला. गल्ली विचारली. भारती कशाला घाबरते ते विचारलं. मग म्हणाला, घेतला.

हसायला हवं होतं. हसू आलं नाही.

५ डिसेंबर

राधाकृष्ण आलेला नाही. त्याची पाळीही मीच करतोय. टेबलावर डोकं ठेवून झोप, तिथंच डबा. गोरक्षनाथला तो विनोद सांगितला. त्याला तो आवडला नाही. म्हणाला, घेतला म्हनला का त्यो? मग आता हितं तुमीच, साहेब.

११ डिसेंबर

गोरक्षनाथला खुर्चीत बसवून गेटवरच्या एसटीडी बूथवर गेलो. शेजारच्यांच्या फोनवर माधुरीला बोलावून घेतलं. तिनं विचारलं, इतक्यात बूथवर? आत्ता तर दूध आणायला गेलात ना! मग हसली. किती दिवसांनी तिचं हसू ऐकलं. भारती सायकल चालवते म्हणाली. तुम्ही हल्ली ऐकता, म्हणाली.

मी ‘हो’ म्हणालो.

का म्हणालो? जागरणानं डोकं चालत नाही हे खरं. पण क्षणभर हायसं वाटलं. घराचं काम परस्पर उरकलं म्हणून. हे लिहून ठेवतोय, कारण त्याचीच जास्त भीती वाटते.

१९ डिसेंबर

पुन्हा फोन. भिंती चढल्या. दोन्ही खोल्यांच्या. सांगून बघितलं तिला, की मी इकडंच आहे, घरातला तो मी नव्हे —

तिनं मग विचारलं, कोण बोलतंय?

शपथा घातल्या. लग्नातलं सांगितलं. ती लांब कुणाला तरी म्हणाली, अहो, बघा ना, कोण माणूस आहे, काय काय बोलतोय. रिसीव्हर दुसऱ्या हातात गेला. माझा आवाज. माझाच, फक्त न थकलेला. म्हणाला, काळजी करू नका, इकडचं सगळं वेळेवर चालू आहे. तुम्ही तिकडचं बघा.

२० डिसेंबर

खुर्ची सोडली. पॅन उकळता टाकून. सूर्यभान साहेब मागून ओरडत होते, पण काय ते कळलं नाही. गोरक्षनाथनं वाट अडवली नाही. जपून जावा एवढंच म्हणाला, आणि माझ्याकडं बघितलं नाही.

२१ डिसेंबर

अकोले. ओट्यावर बसून लिहितोय.

दोन खोल्या. रंगसुद्धा झालाय. मी मनात धरलेला तोच रंग.

भारती सायकलवरून आली. अंगणात गर्रकन वळली, एक पाय टेकवून थांबली. मी हाक मारली. ती मागं सरकली आणि घरात पळाली. पप्पा, कुणीतरी आलंय, म्हणाली. आतून उत्तर आलं, दमलेले दिसतात, बसू दे, चहा द्यायला सांग आईला.

उठून आत जावं. घर माझं आहे.

आत माधुरी काहीतरी सांगतेय, आणि तो ऐकतोय. मधे बोलत नाही. नुसता ऐकतोय. मी कधीच —

माधुरी आली. कपबशी नवी, पाहुण्यांची. पदर सावरून उभी आहे, परक्यासमोर राहतात तशी. मी वर बघितलं. तिनंही माझ्या तोंडाकडं नीट बघितलं. आता ओळखेल. आता —

साखर किती घालू म्हणून विचारतेय. मला. साखर किती घालू, भाऊ, असं —