विर्वेचं घरटं आणि कोठाराची फळी

१२ एप्रिल
निवृत्तीनंतरचा पहिला वसंत. वाया घालवायचा नाही. गरुड मंडळाने यंदाही समुद्रगरुडाच्या घरट्यावर कॅमेरा लावला आहे. मादी विर्वे, नर सुलेव्ह. नावं फोरमवर मतदानाने ठरली. मी सुचवलेली पडली. लोकांना अभिरुची नसते.
मंडळाची घोषणा: जूनमध्ये मंडळाचा तार्मो झाडावर चढून पिल्लाच्या पायात ओळखीची कडी घालेल, तेव्हा सर्वांत चिकाटीच्या निरीक्षकाला सोबत जंगलात नेणार. म्हणजे मला. नुसती औपचारिकता उरली आहे.
माझी बायको हेल्वे म्हणते, कोठाराच्या भिंतीची वरची फळी गेल्या शरदापासून निखळली आहे. उद्या ठोकतो.

१३ एप्रिल
फळी नाही. विर्वे अंड्यावरून उठली, वळली, पुन्हा बसली. असा क्षण एकदाच येतो.
दुपारी पुन्हा आला.

२६ एप्रिल
अंडं फुटून पिल्लू बाहेर आलं. फोरमवर सर्वांत आधी मी कळवलं. माझ्याआधी फक्त पाइडे गावची वाइके. या बाईला घरदार आहे की नाही? काही लोकांना आयुष्यात दुसरा उद्योगच नसतो.
न्याहारी, जेवण आता स्क्रीनसमोरच.

५ मे
बटाटे लावले. हेल्वेने सरी ओढायची, मी बटाटे टाकायचे. फोन हातात होता. हेल्वेच्या म्हणण्यानुसार एका अख्ख्या सरीत बटाटाच नाही. शक्य आहे. सुलेव्ह त्याच वेळी मासा घेऊन आला. केवढा मासा. घरासाठी राबतो आणि कुरकुर नाही. नर असावा तर असा. हेल्वेला हे सांगितलं.
ती म्हणाली, "मग त्यालाच सांग फळी ठोकायला."

१४ मे
हेल्वे स्वतःहून म्हणाली, फळी आता ठोकू नकोस, राहू दे तशीच. संयमाचा विजय. कामं नीट टाळली की आपोआप गळून पडतात.
कारणही सांगत होती. कोठारात कोणाचं तरी येणं-जाणं सुरू आहे वगैरे. मांजर असेल. ऐन पिल्लाला भरवायची वेळ होती. हात वर करून तिला थांबवलं.

२३ मे
बाहेर दोन दिवस वादळ. विर्वे पिल्लावर पंख पसरून बसली आहे. कालपासून हललेली नाही. पापणीसुद्धा नाही. चोचीच्या टोकाला पावसाचा एक थेंब लटकला आहे, तोही पडत नाही, इतकी ती स्थिर. याला म्हणतात आई. फोरमवर दीर्घ लेख लिहिला. शीर्षक: 'स्थैर्य'.
शनिवार असूनही सौनाला, वाफेच्या आंघोळीला, गेलो नाही. तिने बसून राहावं आणि मी आंघोळ करावी, हे बरं दिसत नाही.

२४ मे
लेखाखाली वाइकेचं उत्तर. 'अर्वो, परवापासून चित्र गोठलंय. कोपऱ्यातलं घड्याळ बघ.' त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग.
माझा मुद्दा कॅमेऱ्याबद्दल नव्हताच. मातृत्वाबद्दल होता. लेख काढणार नाही.
लेख काढला.

६ जून
तार्मोने वाइकेला नेलं.
फोटो टाकलाय. झाडाखाली वाइके, मांडीवर पिल्लू, डोळ्यांत पाणी. पिल्लाच्या चेहऱ्यावर मात्र स्पष्ट नाराजी.
तार्मोला पत्र पाठवलं. सडेतोड. शेवटची ओळ: 'यापुढे तू स्वतः माझ्या दारात येऊन बोलावलंस, तरच मी येईन.' हेल्वेला वाचून दाखवलं. तिने त्याचा फोन नंबर मागितला. माझ्या वतीने रदबदली करायची असेल. स्वाभिमानी माणसाच्या बायकोला हे शोभत नाही.
नंबर दिला.

२३ जून
सगळं गाव जानच्या रात्रीच्या, ऐन उन्हाळ्यातल्या सणाच्या शेकोटीला. मी पहाऱ्यावर. हेल्वे एकटी गेली, म्हणजे सगळ्या गावाबरोबर. जाताना म्हणाली, यंदा कोठारात उंदीर दिसत नाहीत, का ते विचार. विचारलं नाही. मला उंदरांत रस नाही.

३ जुलै, सकाळ
आज विर्वेचं पिल्लू उडणार. फांदीच्या टोकाशी जाऊन पंख मारतंय. पहिलं उड्डाण एकदा पाहिलं, की वाइकेच्या फोटोला कोणी विचारणार नाही.
अंगणात गाडी थांबली. थोड्या वेळाने हेल्वे दाराबाहेरून म्हणाली, "अर्वो, बाहेर ये. शिडी धरायची आहे. तुझ्यासाठीच बोलावलंय."
फळीचं भूत पुन्हा उठलं. आता सुतारच आणलेला दिसतो. मी आतूनच सांगितलं, कोणीही असो, मला सवड नाही. दारापाशी एक पुरुष खोकला. म्हणाला, दोन मिनिटंच लागतील. सुतार असंच म्हणतात. स्क्रीनचा आवाज वाढवला.
हेल्वे म्हणाली, "बरं."
तिचं हे 'बरं' मला माहीत आहे. त्यात बरं काही नसतं.

३ जुलै, थोड्या वेळाने
बाहेर कसल्या तरी पक्ष्यांचं कर्कश किंचाळणं. घरट्यातला आवाज ऐकू येईना. उठून खिडकी लावली. वळलो.
फांदी रिकामी.
पिल्लाचं पहिलं उड्डाण झालं तेव्हा मी खोलीत होतो. याची नोंद असावी.

३ जुलै, संध्याकाळ
फोरमवर तार्मोने फोटो टाकलाय. आमचं कोठार. आमची शिडी. हेल्वे, डोक्यावर माझी गवती टोपी, ओंजळीत पिल्लू. पायात कडी.
खाली मजकूर: 'हेल्वेच्या कोठारात, निखळलेल्या फळीमागे खरूचीचं घरटं. उंदरांवर जगणारा हा चिमुकला ससाणा, पिल्लं चार. रुबार्बचा केक उत्तम. घरमालकांच्या इच्छेनुसार स्वतः दारात जाऊन त्यांना बोलावलं. ते पक्षी बघण्यात गुंतले होते.'
हेल्वेला विचारलं, मला आधी का सांगितलं नाहीस?
ती म्हणाली, "मे महिन्यापासून सांगतेय. तू हात वर करतोस."
हात वर करणार होतो. खाली घेतला.

९ जुलै
पिल्लांच्या नावांसाठी मतदान. चौथं पिल्लू कडी घालतानाही कोपऱ्यातून बाहेर यायला तयार नव्हतं म्हणे. त्याच्यासाठी हेल्वेने 'अर्वो' सुचवलं. वाइकेचं अनुमोदन. एकमताने मंजूर.
एकमताने नव्हे. मी तटस्थ राहिलो.

१४ जुलै
नवा संकल्प. स्क्रीन बंद. यापुढे निरीक्षण प्रत्यक्ष जागेवर.
कॉफीचा थर्मास घेऊन कोठारात गेलो. तिघं आधीच उडून गेलीत. तुळईवर अर्वो एकटा, फळीच्या भोकाकडे पाठ करून. मी गवतावर बसलो. बराच वेळ आम्ही एकमेकांकडे बघत होतो. दोघांनाही घाई नव्हती.
आधी तो उडाला.