लेकीला मिळालं ते

५ नोव्हें.
बेळगाव. डॉक्टरीणबाईंनी आज सांगून टाकलं, गौरीला एडीएचडी. म्हणजे लक्ष टिकत नाही, एका जागी बसवत नाही. रक्तबिक्त तपासलं नाही. कान-डोळे आधी बघून झालेले. शाळेतल्या बाईंना विचारलं, आम्हाला विचारलं: कधीपासून, घरातही तसंच का. "हट्ट नाही, आळस नाही. मेंदूची ठेवणच तशी." बायको रडली, आमची सुमन. मला आत टोचलं. याच गोष्टीसाठी मला गुरुजींची छडी आणि वर्गाबाहेरचं ऊन.
येताना गौरीला आइस्क्रीम. मला कुणी विचारलं नाही.

८ नोव्हें.
घरात नवी रीत, डॉ.च्या सांगण्यावरून. एका वेळी एकच काम सांगायचं, झालं की लगेच कौतुक. "गौरा, आदी दप्तर. झालं? शाब्बास." बायकोचा एवढा गोड आवाज मी लग्नातही ऐकला नव्हता. आणि मी आमच्या गणेशगुडीच्या होमस्टेत एकच खोली दोन पार्ट्यांना दिली, तर दिवसभर तोंडाचा पट्टा. म्हटलं, मलाबी एकेक सांग की.
"तुमी काय नऊ वर्साचे हाय?"
पोटच्या पोरीवर जळतोय. लिहून बघितलं. खरंच आहे.

१२ नोव्हें.
गोळी सुरू करायची तर सुमनला आधी देवीचा कौल पाहिजे. नंदिगड्ड्याच्या देवळात गेलो. मूर्तीला लावलेली पाकळी पडेपर्यंत, ज्याचं गाऱ्हाणं त्यानं हात जोडून हलायचं नाही. आमची अक्कल बघा. हलल्याशिवाय राहवत नाही म्हणून तर पोरीला आणलेली! ती खांबामागं पळाली. गुरव म्हणाला, बाप उभा राहिला तरी चालतंय. राहिलो. बाहेर कुणाच्या तरी जीपचं इंजिन वेगळंच वाजलं, म्हणून जरा बघायला गेलो. परत येतो तर सुमन हात जोडून उभी, आणि पाकळी पडलेली. उजवी, म्हणजे देवीचा होकार.
गुरव म्हणाला, "ह्या दोगांत पेशंट कोन म्हनायचा?" सुमन हसली. मीही हसलो, पण…

१९ नोव्हें.
सकाळची गोळी चालू. दुपारचं जेवण कमी जातं, वजनावर लक्ष ठेवायचंय. नुसत्या गोळीनं भागत नाही, सवयीही लावायच्या.
शाळेतून आली नि म्हणाली, "बाबा, आज बाई एकट्याच बोलत होत्या."
चहा हातात तसाच. माझ्या कानांचं गावभर कौतुक. पाहुण्यांची तिसऱ्या टेबलावरची कुजबुज ऐकून त्यांना हवं ते पुढ्यात ठेवतो, धंदा त्यावरच उभा केला. पण माझ्याशी आजवर कुणी एकटं बोललंच नाही. माणूस, पंखा, रस्ता, शेजारचं टेबल, सगळे एकदम बोलतात. मला वाटायचं, सगळ्यांचं असंच.
गोळ्यांची पट्टी हातात घेतली होती. तिच्या मापाच्या, दुसऱ्यानं घ्यायच्या नाहीत, बजावलेलं. ठेवल्या परत.

२७ नोव्हें.
बेळगाव. डॉ. म्हणाल्या, हे बऱ्याचदा घराण्यात असतं. कुणाला आहे? सुमननं माझ्याकडं बघितलं, मी पंख्याकडं. मोठ्यांचंही तपासता येतं म्हणे. लहानपणी बघितलेलं माणूस सोबत आणायचं.
असं माणूस एकच, रामनगरचा अण्णा. थोरला भाऊ. एका जागी बसून दुकान सांभाळणारा, बाबांचा लाडका. मला 'भिरभिऱ्या' सोडून हाक नाही. त्याच्यापुढं जाऊन म्हणायचं, माझ्याबद्दल सांग.
गाडीत गौरी म्हणाली, "जावा की बाबा. दुखत न्हाई."
घरी आल्यावर अण्णाला फोन लावला. त्यानं उचलला.
"बोल की. गप का रे?"
हे त्यानं मला कधी विचारलं नव्हतं, आजवर नुसतं 'गप बस'. मी सुपारीचा भाव विचारला. त्यानं सांगितला. मग तो फोन ठेवेना. मीही.