आधी तुम्ही जा

पुणे

चि. अन्नपूर्णास ताईचा आशीर्वाद.

त्या सकाळी मी सडा टाकत होते, तुझे भाऊजी दुधाची कॅन मोटरसायकलला बांधत होते. धाडच्या चौफुलीवर त्यांनी जीपवाल्याला हात केला, आधी तुम्ही जा. त्यानंही तसाच केला. मग दोघंही एकदमच निघाले. घरी कॅन तेवढी परत आली.

मी बरी आहे. तुझी म्हैस व्याली का?

प्राची इथे बिनचालकाच्या गाड्यांचे चौक बनवते. चौकच प्रत्येक गाडीला तिची पाळी सांगतो. परवा म्हणाली, "आई, बसशील काय एकदा? बाबांसाठीच करून राह्यली मी हे."

दुसऱ्या दिवशी मी बसले. चौकात समोरची रिकामी गाडी आमच्यासाठी थांबली. मी तिला तुझ्या भाऊजींसारखा हात केला.

तुझी ताई