धनलक्ष्मीच्या दुकानातलं वाचक मंडळ

तंजावूर,
रविवार, दिवेलागणीआधी

ती. सुप्रभाअक्का,

वासुकीचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांनी परवानगी नाकारल्यामुळे तो मनातल्या मनात घातला आहे, पण पुरता घातला आहे.) तुझा रक्तदाब, भावोजींचा खोकला आणि पुण्यातल्या तुमच्या इमारतीची लिफ्ट, तिन्ही आता ठीक असतील अशी आशा करते. इथे सगळं क्षेम.

तू पाठवलेली बारा पुस्तकं पोचली. सोबतच्या चिठ्ठीत तू विचारलं होतंस, "तंजावुरात आता मराठी वाचतं तरी कोण?" अक्का, तू सहज विचारलंस, पण मी ती चिठ्ठी आपल्या राममूर्तीमामांना वाचून दाखवण्याची चूक केली. ट्रेझरीतून निवृत्त होऊन त्यांना सोळा वर्षं झाली, तरी समोर माणूस दिसला की ते अजून त्याचा अर्ज तपासतात. प्रश्न ऐकताच ते ताठ झाले. म्हणाले, मंडळ काढायचं. आठ दिवसांत त्यांच्या घरी बारा खुर्च्या, एक फलक आणि सात नियम तयार झाले. अध्यक्षही तयार होते. (ते स्वतः.) पहिला नियम असा, की सभासदाने फक्त शुद्ध मराठी बोलावं आणि देवनागरी वाचावी. आता इथे देवनागरी वाचणारे किती, हे तुला ठाऊक आहे. मला येते ती लहानपणी दिलेल्या हिंदीच्या परीक्षांच्या पुण्याईने. बाकी सगळे घरात मराठी बोलतात आणि दुकानाच्या पाट्या तमिळ वाचतात. त्यामुळे पहिल्या सभेला बारा खुर्च्यांवर तीन माणसं आली. मामा, मी, आणि मी ओढून आणलेली धनलक्ष्मी.

धनलक्ष्मी तुझ्यानंतरची, तुला आठवणार नाही. तिचं शिवणकामाचं दुकान आहे, माझे ब्लाउज गेली तीस वर्षं तीच शिवते, आणि मी जाड झाले तर मला सांगण्याआधी टेप बघून ती स्वतःच दुःखी होते. घरी त्यांची मराठी, पिढ्यान्‌पिढ्या इथलीच. बिचारी नवी साडी नेसून आली होती. मामांनी ओळख सांगायला लावली, तेव्हा म्हणाली, "मला वाचाया येत नाही, ऐकाया येतं. कथा म्हटली की रोंब आवडते."

एवढंच. पण 'फार'साठी आलेला 'रोंब' हा तमिळ शब्द मामांच्या कानात खड्यासारखा गेला. (स्वतः ते दिवसातून चाळीस वेळा म्हणतात.) "ही भाषा आहे की कापडाच्या चिंध्या?" असं बोलून गेले. धनलक्ष्मीने कॉफीचा टंबलर खाली ठेवला, पदर सावरला आणि निघून गेली. आणि मी, अक्का, पस्तीस वर्षं वर्गात मुलांवर ओरडलेली गणिताची बाई, गप्प बसून राहिले. ते मला फार लागलं. त्या आठवड्यात शेवयांचा उपमा दोनदा करपला.

तिसऱ्या दिवशी उसवायचं काहीही नसलेला ब्लाउज घेऊन मी दुकानात गेले. माफी मागायची पूर्ण तयारी होती, पण तिने मान वर न करता विचारलं, "ते पुस्तक आणलंस का?" होतं पिशवीत. "मग वाच. हात कामात आहेत, कान मोकळे आहेत."

मी वाचायला लागले. कथा एका सुनेची. ती एके दिवशी घरात बोलणं बंद करते, आणि हळूहळू सगळं घर घाबरतं. मी मराठीत एक परिच्छेद वाचायची, की धनलक्ष्मी मशीन थांबवून दुकानात बसलेल्यांना तो तमिळमध्ये सांगायची. (सासूची बाजू तिने मूळ लेखनापेक्षा बरीच वाईट केली.) मुलीच्या सलवारीसाठी आलेली जैनबू उठायचं विसरली. टाउन बसचे निवृत्त कंडक्टर सांबशिव पँट आखूड करायला आले होते, तेही बसले. परिच्छेद संपला की ते बस सोडायच्या सवयीने "पोलाम, रैट!" (चला, निघू!) म्हणत, आणि गोष्ट पुढे निघे. सून महिनाभर बोलली नाही इथपर्यंत आलो, तेव्हा जैनबू सुस्कारा टाकून म्हणाली, "आमच्या घरी असं केलं तर नवऱ्याला वर्षभर पत्ता लागायचा नाही." त्यावर अर्धा तास वाद झाला. अक्का, पुस्तकावरून भांडणारी माणसं मी निवृत्तीनंतर प्रथमच पाहिली. रविवारी चार वाजता पुन्हा जमायचं ठरलं.

मामांना हे कळलंच. ते आले, मधोमध बसले आणि पुढच्या रविवारी वाचन अध्यक्ष करतील असं जाहीर केलं. मधल्या आठवड्यात त्यांनी माझ्याकडून पुढची कथा दोनदा वाचून घेतली, 'उच्चार तपासायला'. मोबाइल शेजारी उपडा होता. मला तेव्हाही काही सुचलं नाही.

रविवारी मामा काय सुंदर वाचत होते! आवाज, चढउतार, सगळं. तेवढ्यात दुकानातला पंखा वळला आणि पानं फडफडत उलटी गेली. मामा थांबले नाहीत. कथेतली आजी विहिरीवरच उभी होती आणि पुस्तक अनुक्रमणिकेवर उघडं होतं. सांबशिव शेजारून डोकावले आणि निरागसपणे म्हणाले, "मामा, इथे तर नुसते आकडे दिसतायत, आमच्या तिकिटाच्या तक्त्यासारखे."

मामांचा चेहरा असा उतरला की मला बघवेना. माझं वाचन मोबाइलवर टिपून सगळं पाठ केलं होतं. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला देवनागरीचं एक अक्षर वाचता येत नव्हतं, आणि हे त्यांनी जन्मभर झाकलं होतं.

धनलक्ष्मी उठली. मला वाटलं, आता ही हिशेब चुकता करणार. तिने काळ्या अस्तराचा तुकडा टेबलावर पसरला, कापडावर खुणा करायचा पांढरा खडू माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "वासुकी, आधी माझं नाव लिही. मला शिकायचंय. एकटीला लाज वाटते, मामा, तुम्ही बसा ना सोबत."

मामांनी खुर्ची त्या कापडाजवळ ओढली. मग म्हणाले, "धनलक्ष्मी, त्या दिवशी मी बोललो ते चुकलं. मला भीती होती, कोणी मलाच वाचायला सांगेल." नाक पुसलं आणि म्हणाले, "मला रोंब वाईट वाटलं."

आता आम्ही अकरा जण आहोत. सातही नियम गेले. कोणी तमिळ पुस्तक आणतं, तेव्हा मी मराठीत सांगते. जैनबूच्या आईला दखनी येते, त्यामुळे तिला अर्धी मराठी आपोआप कळते आणि उरलेली अर्धी ती स्वतः रचते. मामांनी अध्यक्षपदाचा राजीनामा दिला आहे. असं पद होतं, हे बऱ्याच जणांना त्यामुळेच कळलं.

भावोजींना नमस्कार.

तुझी धाकटी,
वासुकी

ता. क. पत्राचं खरं कारण हे, की उत्तर लगेच पाठव. पुढच्या बैठकीत ते मामा स्वतः वाचणार आहेत. अक्षर मोठं काढ आणि जोडाक्षरं टाळ, ते अजून तिथवर पोचलेले नाहीत. 'आशीर्वाद' नको, 'सुखी राहा' चालेल. रक्तदाबाला 'बीपी' म्हण.

ता. क. दुसरा. त्यांच्याविषयी लिहिलेलं सगळं मी त्यांना वाचून दाखवलं. त्यांच्या मते दोष पंख्याचा आहे.

ता. क. तिसरा. पाकिटावरचा पत्ता मामांनी लिहिला आहे. देवनागरीत त्यांनी लिहिलेला हा पहिला मजकूर. पिनकोड मी घातला, बाकी कशालाही हात लावू दिला नाही. पोस्टमनने दारात येऊन 'सुपरभा' कोण म्हणून विचारलं असेल. अक्का, पुढच्या वेळीही शांतपणे 'मीच' म्हण.